तेवीस किलो शंभर ग्रॅम

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२०च्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि संध्याकाळी नाशकात पोचलं. आम्हा नाशिककरांना पूर कळतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला पाणी लागलंय की कमरेला, यावरून गोदावरी किती चढली ते सांगणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. चक्रीवादळ मात्र किनाऱ्यावरच्यांचं, असंच आम्ही धरून चाललो होतो.

गंगापूर गावाच्या अलीकडे आमचं घर आहे. मागच्या अंगणात गुलमोहर, त्याच्याखाली पत्र्याची शेड, आणि शेडच्या पाइपाला दोन नायलॉनच्या पट्ट्यांवर टांगलेली माझी कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी. वीज सात वाजताच गेली होती. नऊच्या सुमाराला मागे कडाड असा आवाज झाला आणि पाठोपाठ काहीतरी दगडावर आदळलं. मी दाराकडे धावले, तर माझे वडील, नाना, म्हणाले, "आत्ता नाही जायचं. पडायचं ते पडलंय. पत्रा उडाला तर मान जाईल."

त्यांचं बरोबर होतं. पण त्या रात्री मला झोप लागली नाही.

सकाळी पाहिलं तर गुलमोहराची मांडीएवढी फांदी पत्र्यावर कोसळली होती आणि पाइप वाकला होता. कयाकचा मागचा पट्टा तुटून तिचं मागचं टोक कपडे धुवायच्या दगडावर आपटलं होतं. पुढचा पट्टा शाबूत होता, त्यामुळे नाक वर, शेपूट खाली अशी ती लोंबत होती. फांदीचं एक तुटकं खोड डेकमधून, म्हणजे होडीच्या वरच्या आच्छादनातून, आरपार आत घुसलं होतं. त्या भोकातून रात्रभर पाऊस आत गेला आणि मागचा बंद कप्पा हौदासारखा भरला. फांदी कापून पाणी उपसल्यावर एकेक जखम दिसायला लागली. डेकला तळहाताएवढं भोक, बाजूच्या फळीला दोन फूट लांबीची चीर, तळ आणि बाजू जिथे मिळतात ती कड वीतभर उसवलेली, आणि डेकखालची लांब लाकडी पट्टी उभी चिरलेली.

ही कयाक म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्याच्या रोइंगमध्ये, तेरावा आला. आमच्या जिल्ह्यातला, पाण्याची चणचण असलेल्या गावातला मुलगा वल्हवत ऑलिंपिकपर्यंत जातो, याने मी अक्षरशः हलले होते. त्याचा खेळ रोइंगचा, त्यात माणूस पाठमोरा बसून मागे ओढतो. कयाकमध्ये तोंड पुढे असतं आणि हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं एकच वल्हं. मला पुढे बघत जायचं होतं. विकतची परवडणारी नव्हती, म्हणून २०१७ साली मी आणि नानांनी ती घरी बनवली.

नाना सातपूरच्या एका फाउंड्रीत ३१ वर्षं पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याची आधी हुबेहूब लाकडी प्रतिकृती करायची, ती वाळूत दाबून साचा घ्यायचा, आणि त्या साच्यात वितळलेला धातू ओतायचा. धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा करतात. त्यासाठी त्यांच्याकडे वेगळी पट्टी असते. बिडासाठीच्या, म्हणजे ओतीव लोखंडासाठीच्या, पट्टीवरचा एक मीटर हा खऱ्या मीटरपेक्षा सुमारे दहा मिलिमीटरने मोठा असतो. कयाकचं आखणीचं काम सुरू झालं त्या दिवशी नानांनी ती पट्टी कपाटात कुलूपबंद केली. चुकून माझ्या हाती लागली असती तर साडेपंधरा फुटांची कयाक जवळजवळ दोन इंचांनी वाढली असती.

बांधणी सोपी आहे, म्हणजे समजायला सोपी. चार मिलिमीटरचं मरीन प्लाय, आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या भारतीय मानकाचं. आठ फुटी तक्ते टोकाला टोक जोडून लांब करायचे, आकार कापायचे, कडांना बारीक भोकं पाडून तांब्याच्या तारेने फळ्या एकमेकींना शिवायच्या. शिवलं की होडीचा आकार आपोआप उभा राहतो. मग आतून सांध्यांवर इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर कालवलं की घट्ट होणाऱ्या चिकट द्रव्याचा, लगदा भरायचा, वर काचेच्या धाग्यांची पट्टी, आणि बाहेरून सगळीकडे काचकापड. खिळा एकही नाही. पूर्ण झाल्यावर नानांनी तिला काट्याला लटकवून वजन केलं. पॅटर्नच्या वजनावरून ओतीव मालाचं वजन काढायची रीत त्यांच्या कामात असते, त्यामुळे लाकडाची कुठलीही वस्तू त्यांच्या हातात आली की आधी तोलली जाते. मागच्या कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी पेन्सिलीने लिहून ठेवलं: २३.१. तो आकडा नसता तर पुढचं सगळं अंदाजपंचे झालं असतं.

४ जूनला दुपारी पाऊस थांबल्यावर आम्ही तिला व्हरांड्यात दोन स्टुलांवर पालथी घातली. नानांनी खिशातलं पाच रुपयांचं नाणं काढलं आणि तिच्या अंगावर टकटक करत सरकवायला लागले. चांगल्या जागी आवाज टणटणीत येतो. थर सुटले असतील तिथे भद्द, ओल्या कणकेवर बोट मारल्यासारखा. मी पेन्सिल घेऊन मागोमाग. आवाज बदलला की रेघ, पुन्हा टणटणीत झाला की रेघ. अर्ध्या तासाने पाहिलं तर डोळ्यांना दिसणारी चीर दोन फुटांची होती, पण भद्द आवाजाचा पट्टा जवळजवळ तीन फुटांचा निघाला. दुरुस्ती करणाऱ्याने डोळ्यांवर जाऊ नये, कानांवर जावं, हे मला तेव्हा पटलं.

मग वजन. बॅगा तोलायचा डिजिटल काटा गच्चीच्या कडीला अडकवला, कयाकला मधोमध दोरी बांधून समतोल साधला. मोडलेले तुकडे पिशवीत भरून तीही सोबत लटकवली, म्हणजे जुन्या आकड्याशी तुलना चुकायला नको. २४.६. दीड किलो पाणी लाकडाच्या आत होतं. बाहेरून काचकापडाचं कवच होतं, पण आतल्या बाजूला २०१७ साली आम्ही इपॉक्सीचा एकच पातळ हात दिला होता, सामान संपत आलं म्हणून. पाणी तिथून आणि फुटलेल्या कडांमधून शिरलं. प्लायचा पृष्ठभाग पाणी सावकाश पितो, पण कापलेली कड स्ट्रॉसारखी ओढून घेते.

"वाळू दे," नाना म्हणाले. "तेवीस एक होईपर्यंत हात लावायचा नाही."

मी ऐकलं नाही. लॉकडाऊनमध्ये अडीच महिने घरात बसून झाले होते, ऑफिसचं काम लॅपटॉपवर, बाहेर जाणं बंद. समोर उसवलेली होडी आणि वर तोंडावर आलेला मोसमी पाऊस. चार दिवस कडक ऊन पडलं, लाकूड हाताला कोरडं लागायला लागलं, वजन २४.१ झालं. मला वाटलं, तिसरा हिस्सा गेला की, उरलेलं आतल्या बाजूने निघेल, निदान बाहेरची कड तरी बंद करून घेऊ. ९ जूनला मी उसवलेली कड घासली, इपॉक्सी लावलं, वर काचपट्टी बसवली. संध्याकाळी आभाळ भरून आलं. रात्री पाऊस.

दहा दिवसांनी त्या पट्टीखाली पांढुरकी झाक दिसली. काचपट्टी इपॉक्सीत नीट भिजली की दिसेनाशी होते, खालचं लाकूड स्वच्छ दिसतं. इथे मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखं धुकट. मी कोपऱ्यात पटाशी सरकवली, जोर न लावता. पट्टी उललेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून आली, आणि तिच्या पाठीला लाकडाचे केसाएवढे ओले तंतू चिकटलेले होते. इपॉक्सी लाकडाला नाही, लाकडाच्या ओल्या कातडीला धरून बसलं होतं.

नाना व्हरांड्यात खुर्चीवर होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, त्यात घराबाहेर पडायची मनाई. ते रागावले नाहीत. म्हणाले, "अगं, ओल्या भिंतीला रंग देतेस का तू? पोपडे येतात म्हणून नाही देत ना. हेही तेच."

त्या दिवसापासून काटा हाच मालक ठरला. रोज सकाळी आठला वजन, वहीत नोंद.

आधी जुनं उतरवायचं होतं. हीट गनने काचकापड तापवलं की घरी जमवलेलं इपॉक्सी मऊ पडतं, तेव्हा पत्र्याच्या खरवडणीने सावकाश उचलायचं. खूप तापवलं तर प्लायही खराब होईल, म्हणून हात लावून बघायचं: चटका बसला पण बोट क्षणभर टिकलं की पुरे. भद्द आवाजाचा सगळा पट्टा मी उघडा केला. उघड्या लाकडाला ओल बाहेर टाकायला वाट मिळाली, पण जूनअखेरच्या नाशकात हवाच ओली. वजन २३.७वर येऊन अडलं ते हलेना. पाच दिवस तोच आकडा. बाहेरच्या हवेतली ओल आणि लाकडातली ओल एकमेकींशी बरोबरी करून बसल्या होत्या, त्यापुढे नुसत्या वाऱ्याने काही होणार नव्हतं.

उपाय सापडला तो पोल्ट्रीत. गिरणारे रस्त्याला आमच्या ओळखीच्यांची पोल्ट्री आहे. कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा फेब्रुवारी-मार्चमध्ये पसरली आणि त्यांचा धंदा बसला, शेड रिकामी पडलेली. पिल्लांना ऊब द्यायच्या ब्रूडरच्या पत्र्याच्या छत्र्या आणि शंभर वॅटचे बल्ब तसेच टांगलेले. मागायला संकोच वाटला, कारण त्यांचं नुकसान माझ्यापेक्षा कितीतरी मोठं. त्यांनीच गाडीत ठेवून दिल्या. "न्या ताई, सध्या पिल्लंच नाहीत. निदान तुमची होडी तरी शेकू दे."

होडी स्टुलांवर उपडी, खाली दोन छत्र्या, वरून शेततळ्याच्या जुन्या प्लास्टिक कागदाचा तंबू, आणि ओलसर हवा जायला दोन्ही टोकांना वीतभर फट. बल्ब लाकडापासून दीड हात लांब. पोल्ट्रीचाच थर्मामीटर आत लटकवला आणि ४५ अंशांपुढे जाऊ दिलं नाही, कारण त्यापुढे शाबूत सांधेही मऊ पडायची भीती. घरात कोणी जागं असेल तेव्हाच दिवे लावायचे, हा नानांचा नियम. २३.६. २३.५. मध्ये तीन दिवस वीज ये-जा करत होती तेव्हा पुन्हा २३.६. आषाढी एकादशीला २३.४. १२, १३ आणि १४ जुलैला सलग २३.२. नानांनी वही बघून मान डोलावली.

दरम्यान सामान जमवलं. प्लायचा प्रश्न नव्हता, २०१७चे उरलेले तुकडे माळ्यावर कोरडे ठणठणीत होते. इपॉक्सीचा जुना डबा उघडला तर रेझिन गोठलेल्या तुपासारखं रवाळ, पांढरं झालेलं. ते खराब झालेलं नसतं. डबा गरम पाण्याच्या पातेल्यात तासभर ठेवला, मध्येमध्ये ढवळला, की पुन्हा मधासारखं स्वच्छ होतं. हार्डनर मात्र हवेतली ओल धरतो, तो नवा घ्यायचा ठरवला. दुकानं तेव्हा रस्त्याच्या एका बाजूची एक दिवस, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या दिवशी, अशी उघडत होती. अंबडला फायबरच्या सामानाच्या दुकानात दोन खेपा झाल्या. दुकानदार म्हणाला, "ताई, हे महागडं कशाला? साधं पॉलिस्टर रेझिन न्या, सगळ्या बोटी त्याच्याच असतात." संपूर्ण फायबरच्या बोटी त्याच्या असतात हे खरं, पण लाकडाला पॉलिस्टर नीट धरत नाही. काही महिन्यांत पापुद्रा सुटतो, आणि सुटलेल्या पापुद्र्याच्या आत पाणी साठून लाकूड कुजतं. पापुद्र्याचा धडा माझ्या पदरी ताजाच होता.

आमच्या जोडीचं प्रमाण वजनाने शंभराला दहा. पन्नास ग्रॅम रेझिनला पाच ग्रॅम हार्डनर. अर्धा ग्रॅम इकडेतिकडे झाला तरी दहा टक्क्यांची चूक, म्हणून सोनाराकडे असतो तसा दशांश ग्रॅमचा काटा वापरायचा आणि एका वेळी थोडंच कालवायचं. कालवून कपात ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने तापून कपातच दगड होतं, धूरही येतो. पसरट थाळीत ओतलं की वीस-पंचवीस मिनिटं मिळतात.

होडीला लावण्याआधी प्लायचे दोन टाकाऊ तुकडे तिरपे घासून एकमेकांना चिकटवले आणि दोन दिवस ठेवले. मग नानांनी ती पट्टी गुडघ्यावर ठेवून मोडली. मोडली ती जोडाच्या बाजूला, अखंड लाकडात. जोड तसाच. नानांनी दोन्ही तुकडे माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "आता लाव."

आधी काय आणि नंतर काय, यात मी आणखी एक चूक करणार होते. मला डेकचं भोक पहिल्यांदा बुजवायचं होतं, पाऊस तिथूनच आत जातो म्हणून. ब्रश हातात घेतला आणि लक्षात आलं की बाजूच्या फळीच्या आतल्या अंगाला पोचायला तेच एक दार आहे. कप्प्याच्या झाकणातून माझा हात तिथवर पुरत नव्हता. तेव्हा डेक सर्वांत शेवटी.

बाजूची फळी. चिरलेला भाग कापून काढायचा, पण चौकोनी नाही. चौकोनाच्या कोपऱ्यातून पुन्हा चीर धावते. हॅकसॉचं नुसतं पातं घेतलं, एका टोकाला चिंधी गुंडाळली, आणि लांबट अंड्यासारखा तुकडा कापून काढला, चोवीस इंच लांब, तीन इंच रुंद. होडीला हातातल्या पात्याने आरपार कापताना पोटात गोळा येतो. फांदीने केलं त्यापेक्षा मोठं भोक मी केलं होतं.

मग भोवतीची कड उतरती करायची. नाना या सांध्याला कलम म्हणतात. जाडीच्या आठपट उतार, म्हणजे चार मिलिमीटरला बत्तीस. लहान रंधा, नंतर लाकडी ठोकळ्यावर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर. आणि इथे प्लाय स्वतःच बोलतं. त्याला तीन थर. वरचा लालसर, मधला आडव्या रेषांचा फिकट, खालचा पुन्हा लालसर. उतार घासत गेलं की हे थर एकाशेजारी एक पट्ट्यांसारखे उघडे पडतात, साडीच्या काठासारखे. पट्टे सगळीकडे सारख्या रुंदीचे असले तर उतार बरोबर. एका जागी मधला पट्टा फुगला तर तिथे घासणं जास्त झालं, आवळला तर कमी. पट्टी नको, गुण्या नको. मला तो काठ एकसारखा करायला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. बातम्या नाहीत, कोरोनाचे आकडे नाहीत, फक्त मधला पट्टा. या सगळ्या दुरुस्तीत मला सर्वांत प्रिय काय असं कोणी विचारलं तर हे दोन दिवस.

नव्या ठिगळाला उलट उतार दिला. बसवून बघितलं, उचललं, खडू लागलेली जागा घासली, परत बसवलं. ठिगळाच्या पाठीला खडू लावला की कुठे टेकतंय ते कळतं. बारा-पंधरा वेळा झालं असेल.

चिकटवण्याच्या दिवशी एक गोष्ट मुद्दाम केली. लाकूड दिव्याखाली कोमट केलं आणि लावायच्या आधी दिवे बंद केले. लाकूड तापत असताना त्यातली हवा फुगून बाहेर येते आणि ओल्या इपॉक्सीत बुडबुडे धरतात. निवत असताना उलट, हवा आक्रसते आणि लाकूड इपॉक्सी आत ओढतं. पहिला हात पातळ, नुसत्या इपॉक्सीचा. काही मिनिटांत पृष्ठभाग जिथे जिथे कोरडा पडला, तिथे परत. मग सिलिका पावडर कालवून घट्ट केलेला लगदा, मग ठिगळ. आतून पॉलिथिन गुंडाळलेली प्लायची पट्टी डेकच्या भोकातून घालून समोरच्या बाजूला पाचर मारली. बाहेरून तशीच पट्टी, आणि वरून सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या ताणून वेढे. इपॉक्सी पॉलिथिनला चिकटत नाही, आणि ट्यूबसारखा दाब कुठलाच क्लॅम्प देत नाही, वाकलेल्या अंगावर सगळीकडे सारखा.

उसवलेल्या कडेला आतून भराव दिला. घासलेल्या लाकडाचा पिठासारखा भुसा इपॉक्सीत कालवत जायचं. दही, मग श्रीखंड, मग चमचा उभा राहील असा चक्का. तो सांध्यात भरून आइस्क्रीमच्या काडीने गोलाई द्यायची आणि ओला असतानाच वर काचपट्टी. खांद्यापर्यंत हात भोकात, दुसऱ्या हातात आरसा, दातात मोबाइल. पांढरी पट्टी भिजत जाऊन हळूहळू दिसेनाशी होताना आरशात पाहिली. धुकं कुठेच नव्हतं.

लांब चिरलेल्या पट्टीत सिरिंजने इपॉक्सी भरून ट्यूबने आवळलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक काळजी मात्र सांगायलाच हवी. पावसाळी हवेत इपॉक्सी घट्ट झालं की त्यावर मेणचट थर येतो. बोट फिरवलं की निसरडं लागतं. तो न धुता घासलं तर थर खाली दाबला जातो आणि वरचा हात धरत नाही. साधं पाणी आणि भांड्यांची हिरवी घासणी, बस्स. थिनरने पुसू नका, पसरतो. आणि घासताना मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या. अर्धवट जमलेल्या इपॉक्सीची धूळ कातडीला एकदा बाधली की जन्मभर बाधते. माझ्या मनगटावर पुरळ आलं होतं, तेव्हापासून मी बाह्यांना रबर लावते. नानांना मी घासायच्या वेळी अंगणात येऊ दिलं नाही, त्यावरून आमचं रोज वाजायचं.

शेवटी डेक. भोक सरळ गोल करून घेतलं. आतून आधाराला त्याहून मोठा प्लायचा तुकडा हवा, पण तो भोकापेक्षा मोठा, आणि आत गेला की धरणार कोण? तुकडा लांबट कापला, म्हणजे तिरका करून आत जाईल. मधोमध दोन बारीक भोकं पाडून त्यातून तांब्याची तार ओवली. लगदा लावून आत सरकवला, तारेची टोकं बाहेर, त्यांत पेन्सिल आडवी घालून पीळ देत गेलो. तुकडा आतून डेकला घट्ट येऊन बसला, भोवतीने लगदा गोल बाहेर आला. दुसऱ्या दिवशी तार कापली आणि वरून भोकाच्या मापाचं झाकण बसवलं. ही युक्ती नानांची. पोकळ पॅटर्नमध्ये आतून ठोकळा बसवायला ते असंच करायचे.

मग काचकापड, भराव, घासणं, पुन्हा घासणं. आतल्या बाजूला या वेळी इपॉक्सीचे तीन हात. इपॉक्सी उन्हाला टिकत नाही, पिवळं पडून खडूसारखं होतं, म्हणून तळाला दोन घटकांचा पांढरा पीयू (पॉलियुरेथेन) रंग दिला आणि डेकवर पारदर्शक. सगळं होईपर्यंत गणपती येऊन गेले होते.

पट्टा का तुटला, तेही तपासलं. तीन वर्षं उन्हात राहून नायलॉन कुजला होता, नखाने त्याचे धागे भुगा होऊन निघत होते. फांदी पडली नसती तरी एखाद्या दिवशी ती अशीच खाली आली असती. आता ती टांगत नाही. जमिनीपासून दीड फुटावर दोन लाकडी घोड्यांवर पालथी, भिंतीलगत, कड्यांना बांधलेली. गुलमोहराच्या वाळक्या फांद्या उतरवल्या. झाड ठेवलं.

नवरात्रात वजन केलं. २३.९. नवं प्लाय, काच, आतले हात, रंग, सगळं धरून आठशे ग्रॅमची भर. नानांनी झाकणाच्या आत जुन्या आकड्याखाली लिहिलं.

नोव्हेंबरात, दिवाळीनंतर, एका रविवारी सकाळी आम्ही ती गाडीवर बांधून गंगापूर धरणाच्या फुगवट्याला नेली, सावरगावच्या अंगाला. नानांना आठ महिन्यांनी बाहेर काढलं होतं, गाडीतून उतरले नाहीत, काच खाली करून बसले. पाणी थंड होतं आणि काठावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. मागच्या कप्प्यात मी कोरडी वर्तमानपत्रं पसरून ठेवली होती. दहा-बारा हात जाऊन थांबले, झाकण काढून बघितलं. पुन्हा पुढे गेले. पाणकावळे एका वाळक्या बाभळीवर पंख पसरून बसले होते, त्यांच्यापर्यंत गेले. ठिगळाची बाजू मुद्दाम पाण्यात झुकवली, वल्ह्याला रेलून, कड पाण्याखाली जाईपर्यंत. तासभर तशी फिरले. खांदे भरून आले, इतक्या महिन्यांनी येणारच.

काठावर येऊन कागद काढले. खडखडीत. तरी घरी येऊन कयाक फडक्याने पुसली, गच्चीच्या कडीला काटा लावला आणि दोरी अडकवली. हलत होती, स्थिर व्हायला मिनिटभर लागलं.

नानांनी खालून विचारलं, "किती?"

"तेवीस नऊशे."

"मग उतरव. आणि कड्यांना बांध नीट, रात्री वारा सुटतो."